तोम खा गाई: नारळ कमी, गलांगल जास्त

मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत तोम खा गाई हा थाई पदार्थ मागवला की दाटसर, गोडूस, दुधी रंगाचं सूप समोर येतं. वर दोन मश्रूम, तळाशी कोंबडीचे चार तुकडे, आणि ते जेवणाआधी चमच्याने प्यायचं. इथे बँकॉकमध्ये घरी ते असं कुणी पीत नाही. तो भाताबरोबरचा पदार्थ आहे. मधोमध मोठा वाडगा, शेजारी लसूण-मिरचीवर परतलेली नाळीची भाजी, कडा कुरकुरीत झालेलं एखादं ऑम्लेट, आणि प्रत्येकाने आपापल्या भातावर थोडा थोडा रस घेत जेवायचं. भातावर घ्यायचा म्हणून त्याची चवही ठसठशीत ठेवतात. खारट, आंबट, तिखट सगळंच वर. नुसतं पिऊन बघितलं तर जरा जास्तच वाटेल.

हे मी शिकले आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंकडून. त्या मूळच्या प्रचुआप खीरी खान प्रांतातल्या थप साकेच्या. थप साके म्हणजे थायलंडातलं नारळाचं नावाजलेलं गाव. माडाच्या बागा समुद्रापर्यंत. आईपेक्षा मोठ्या बाईला इथे ‘पा’ म्हणतात, मीही त्यांना ‘पा’च म्हणते. माझं माहेर वेंगुर्ल्याचं, त्यामुळे नारळाचं दूध काढणं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण पांच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर लक्षात आलं की आपल्याला नारळ कळतो म्हणून हा पदार्थ कळेलच असं नाही. यात नारळ दुय्यम आहे. मुख्य आहे ते गलांगल.

गलांगल म्हणजे आल्याच्या कुळातलं मूळ. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलं कुलिंजन मिळतं, गाणारी मंडळी घशासाठी तोंडात धरतात ते, ते ह्याच घराण्यातलं. पण वाळलेल्या कुलिंजनाचा इथे उपयोग नाही. ताजं हवं, आणि त्यातही कोवळं. इथल्या बाजारात दोन्ही प्रकार शेजारी शेजारी ठेवलेले असतात. जून गलांगल तपकिरी, कडक, सुरीला दाद न देणारं. ते करीचं वाटण करायला. कोवळं मलईच्या रंगाचं, अंगावर बारीक रेषांची वळी, आणि कोंब फुटतो तिथे गुलाबी. सुरी त्यातून अलगद जाते. कापल्या कापल्या नाकाशी धरलं तर आल्याचा वास येतच नाही. कापूर, मिरी आणि कुठेतरी देवदाराच्या लाकडाची आठवण, असा थंड पण झोंबणारा वास. म्हणून ‘गलांगल नसेल तर आलं घाला’ असं जिथे लिहिलेलं असेल तिथे विश्वास ठेवू नये. आलं घातलं तर वाईट लागेल असं नाही, पण मग ते तोम खा नाही, दुसरंच काहीतरी. आल्याची उष्ण गोडसर चव नारळाच्या दुधाला आणखी गोड करते आणि इथे नेमकी उलटी गरज असते.

खरेदीला आम्ही क्लोंग तोयच्या बाजारात गेलो. हा बँकॉकचा मोठा बाजार, मासळी-मटण-भाजी सगळं एकत्र, पायाखाली पाणी, डोक्यावर ताडपत्र्या, आणि मधूनच बर्फाच्या हातगाडीवाल्याची आरोळी. बहुतेक भाजीवाल्यांकडे गलांगल, गवती चहा आणि लिंबाची पानं यांची एकत्र बांधलेली छोटी पुडी मिळते, किंमत 10-20 बाट (थाई चलन). तोम याम या आंबट-तिखट थाई सूपसाठी म्हणून ती विकतात. मी ती उचलली तर पांनी काढून परत ठेवली. त्यात गलांगलाच्या चार चकत्या असतात. ‘एवढंसं? हे काय औषध आहे का?’ असं म्हणून त्यांनी माझ्या तळहातापेक्षा मोठा कोवळा गड्डा निवडला. चार माणसांच्या रस्स्याला साधारण 60-70 ग्रॅम गलांगल. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे प्रमाण चुकलंय असंच वाटेल.

मग नारळ. इथल्या बाजारातली ही सोय आपल्याकडे असती तर माझ्या आईचे निम्मे श्रम वाचले असते. दुकानात सोललेल्या नारळांचा ढीग असतो. काहींची आतली तपकिरी सालही तासून काढलेली, म्हणजे दूध अगदी पांढरं निघावं. आपण वजन सांगायचं. यंत्रात नारळाचा चव पडतो, तो कापडात घालून दुसऱ्या यंत्रात दाबतात आणि पिशवीत दूध. दुकानदारीण विचारते, पाणी घालून पिळू का तसंच? पांनी दोन पिशव्या घेतल्या, एक बिनपाण्याची आणि एक पाण्याची. म्हणजेच आपलं पहिलं दूध आणि दुसरं दूध. मात्र हे दूध इथल्या उकाड्यात दुपारपर्यंतही टिकत नाही, आंबूस वास येऊ लागतो. आणलं की फ्रीजमध्ये टाकायचं, नाहीतर लगेच वापरायचं. पांच्या घरात कोपऱ्यात जुनी खोवणी पडलेली आहे, बसायचं लाकूड सशाच्या आकाराचं आणि तोंडातून बाहेर आलेलं पातं. जुन्या थाई घरांत ही सशाची खोवणी असायचीच. आता तिच्यावर त्या कुंडी ठेवतात.

बाकी सामान: कोंबडीच्या मांडीचं बोनलेस मांस 500 ग्रॅम, धिंगरी अळंबी 200 ग्रॅम, गवती चहाच्या 3 काड्या, मकरूट लिंबाची 6-7 पानं, छोटे लाल कांदे 5, कोथिंबिरीची मुळं 3-4, लवंगी मिरच्या, कागदी लिंबं, फिश सॉस, माडाचा गूळ. मकरूट लिंबाचं पान एकापुढे एक दोन पानं जोडल्यासारखं दिसतं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. कोथिंबिरीची मुळं हा मला इथे सापडलेला खजिना. आपल्याकडेही जुडी मुळांसकट येते आणि आपण पहिला वार मुळांवर घालतो. थाई बाई मुळं धुऊन, खरवडून, जपून ठेवते. त्यांना पानांहून उग्र, मातकट वास असतो आणि शिजताना तो पानांसारखा उडून जात नाही.

लिंबं घेताना पांची दुकानदाराशी घासाघीस झाली. मार्च-एप्रिलात इथेही लिंबं महागतात आणि त्यावर घराघरात चर्चा चालते. तेव्हा बाटलीतला रस घेणारे लोक आहेत. पा त्यांना स्वयंपाकी मानत नाहीत.

घरी आल्यावर खरं काम फारसं नव्हतंच. गलांगलाच्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या. गवती चहाची वरची पाती काढून खालचा जाड, पांढरट-जांभळा दांडा तेवढा घ्यायचा. आपण चहात घालतो ती पाती आणि हे दांडे एकाच झुडपाचे, पण वास दांड्यात जास्त मुरलेला असतो. दांड्यावर सुरीच्या पाठीने दोन-तीन दणके, मग तिरके मोठे तुकडे. लिंबाच्या पानाची मधली शीर ओढून काढायची आणि पान हातानेच फाडायचं. कांदे आणि कोथिंबिरीची मुळं खलात नुसती चेचायची, वाटायची नाहीत. माझा हात सवयीने गोल फिरायला लागला तसा पांनी बत्ता काढून घेतला. वाटलं की रस गढूळ होतो. ह्या पदार्थात जे खायचं नाही ते सगळं ओळखू येईल एवढं मोठं राहिलं पाहिजे, म्हणजे जेवताना बाजूला काढता येतं. गलांगल, गवती चहा, पानं कुणी चावत बसत नाही.

पातेल्यात आधी दुसरं दूध, साधारण 700 मिलिलीटर. तेल नाही, फोडणी नाही, काहीही परतणं नाही. ह्या टप्प्याला मी आईला व्हिडिओ कॉल लावला होता. तिने पातेल्यात डोकावून विचारलं, ‘फोडणी नाय? मगे तेका चव खंयसून येतली गो?’ रास्त प्रश्न आहे. आपल्या रस्स्यात वास तेलात उतरतो आणि तेल तो सगळीकडे पोचवतं. इथेही तेच होतं, फक्त तेल वेगळं ओतावं लागत नाही. नारळाच्या दुधातच स्निग्धांश आहे आणि गलांगल, गवती चहा, लिंबाची पानं यांची सुगंधी तेलं त्यात हळूहळू उतरतात. त्यासाठी वेळ द्यावा लागतो, आच नाही.

दूध गरम झालं की गलांगल, गवती चहा, मुळं आणि कांदे. त्यात चमचाभर फिश सॉस. मंद आचेवर पंधरा मिनिटं. पृष्ठभागावर कडेकडेला बुडबुडे फुटावेत, मध्यभाग नुसता थरथरावा, एवढीच आच. पाच मिनिटांनी घरात नारळाचा वास असतो. दहाव्या मिनिटाला तो मागे पडायला लागतो आणि कापरासारखा तो थंड वास वर येतो. पंधराव्या मिनिटाला रस चाखला तर जिभेच्या मागच्या बाजूला मिरीसारखी हलकी चुरचुर लागते. मिरची अजून पडलेलीच नसते. ही चुरचुर नसेल तर गलांगल कमी पडलं किंवा जून होतं.

दूध फुटू नये यासाठी कोकणातली बाई जे करते तेच इथेही: झाकण नाही, खळखळून उकळी नाही, अधूनमधून डाव फिरवत राहायचं. नारळाच्या दुधातली प्रथिनं तापल्यावर गोठतात, चरबीच्या थेंबांभोवतीचं त्यांचं आवरण मोडतं आणि तेल वर येतं. गंमत म्हणजे थाई करी करताना हेच मुद्दाम घडवून आणतात. जाड दूध कढईत आटवत तेल सुटेपर्यंत नेतात आणि त्या तेलात करीचं वाटण परततात. एकाच बाईच्या हातचं एकच दूध सोमवारी मुद्दाम फोडलेलं आणि मंगळवारी जिवापाड जपलेलं. तोम खामध्ये वर तेलाचे चार-दोन बारीक थेंब दिसले तर पांचं काही म्हणणं नसतं. उलट एकही थेंब नसेल तर पा डब्याच्या दुधाचा संशय घेतात. डब्याच्या दुधात ते फुटू नये म्हणून पुष्कळदा घट्ट करणारे आणि एकजीव ठेवणारे पदार्थ घातलेले असतात, त्यामुळे ते कितीही उकळलं तरी गुळगुळीतच राहतं. हॉटेलातल्या सूपचा तो सायीसारखा पोत बऱ्याचदा तिथून येतो, आणि कॉर्नफ्लोअर पडलं असेल तर विचारायलाच नको.

मग कोंबडी. मांडीचं मांस, एका घासाचे तुकडे. छातीचं मांस घेतलं तर ते मिनिटाभराच्या फरकाने कोरडं पडतं, मांडीचं सोसतं. कच्चे तुकडे सरळ दुधात सोडायचे. मॅरिनेट करणं, हळद-मीठ चोळणं काही नाही. हळद तर नाहीच, रंग जातो. आठ-दहा मिनिटांत शिजतात. वर करडा फेस येतो तो डावाने काढून टाकायचा. गावठी कोंबडी वापरायची तर हाडासकट तुकडे करून पाऊण तास तरी शिजवावी लागेल, आणि मग गलांगलाचा अर्धा वाटा शेवटच्या पंधरा मिनिटांसाठी राखून ठेवलेला बरा. पांच्या लहानपणी गावाकडे अशीच व्हायची. 19व्या शतकाच्या अखेरीस तर हा रस्साच नव्हता म्हणे. पातळ नारळाच्या दुधात भरपूर गलांगल घालून शिजवलेली कोंबडी किंवा बदक, आणि सोबत बुडवून खायला भाजलेल्या मिरचीचं तोंडीलावणं. आजही काही घरांत वाटीत नाम प्रिक पाओ, म्हणजे तेच भाजलेल्या मिरचीचं तिखटगोड वाटण, शेजारी असतं.

कोंबडी शिजत आली की हाताने फाडलेली धिंगरी, दोन मिनिटं. मूळ प्रथा भाताच्या पेंढ्यावर वाढणाऱ्या गोल अळंबीची आहे, पण इथल्या घरांतही आता धिंगरी सर्रास चालते. शेवटी जाड दूध, वाटी-सव्वा वाटी, आणि लिंबाची फाडलेली पानं. दूध पुन्हा थरथरायला लागलं की गॅस बंद. उकळी आलेली चालणार नाही.

सुरुवातीचा तो चमचाभर फिश सॉस सोडला तर आंबट, खारट आणि तिखट पातेल्यात पडतच नाही. हे मला सगळ्यात आवडलं. वाढायच्या मोठ्या वाडग्यात तीन चमचे लिंबाचा रस, दोन चमचे फिश सॉस, सुरीच्या पात्याने चेचलेल्या सहा-सात लवंगी मिरच्या, आणि त्यावर पातेल्यातला कडकडीत रस्सा ओतायचा. एकदा ढवळायचं. लिंबाचा रस उकळला तर त्याचा ताजेपणा जातो आणि कडवट झाक येते, दूध फुटायची भीती वेगळीच. शिवाय एकाच पातेल्यातून पोरांसाठी बिनतिखटाचा वाडगा वेगळा काढता येतो.

चव बघताना क्रम असा: पहिल्यांदा खारट लागलं पाहिजे, लगेच आंबट, मग तिखट आणि सगळ्यात शेवटी नारळाचा गोडवा. नारळ पहिला लागला तर लिंबू वाढवायचं. गूळ पांनी घातला तो चण्याएवढा, तोही ‘आज नारळ फिका आहे’ म्हणून. आमच्या नळाजवळच्या बरणीत सामुत सोंगख्रामचा माडाचा गूळ असतो आणि मी तो जास्त घालीन या भीतीने त्यांनी बरणीचं झाकण स्वतःच लावलं.

फिश सॉसबद्दल थोडं. मासे आणि मीठ वर्ष-दीड वर्ष मुरवून गाळलेलं हे पाणी. बाटली उघडल्यावर पहिला वास अंगावर येतो हे खरं. पण सुकट-बोंबलांवर वाढलेल्या माणसाने त्याची एवढी तक्रार करू नये. रस्स्यात पडल्यावर माशाचा वास राहत नाही, खारटपणाला जरा खोली येते. त्याऐवजी मीठ घातलं तर रस चपटा लागतो. ज्यांना चालतच नाही त्यांच्यासाठी नुसत्या अळंबीचं तोम खा होतं, त्यात हलका सोया सॉस घालतात. इथे सप्टेंबर-ऑक्टोबरात नऊ दिवस ‘किन चे’ पाळतात, पिवळे झेंडे लावलेल्या गाड्यांवर मांस-मासे नसलेलं जेवण मिळतं. त्या दिवसांत कांदा-लसूणही वर्ज्य, त्यामुळे रस्सा सगळा गलांगलावर आणि अळंबीवर उभा असतो. तो खाऊन बघितल्यावर कोंबडीचं महत्त्व माझ्या लेखी जरा कमी झालं.

आईला हे सगळं वेंगुर्ल्यात करायचं होतं, म्हणून तिच्याशी बसून यादी केली. नारळ घरचा. गवती चहा परसात आहेच, फक्त पाती न कापता अख्खी काडी मुळाजवळून उपटायची. बाजारातल्या जुडीत दांडा क्वचितच येतो. कागदी लिंबू हे इथल्या लिंबाच्याच जातीचं. लवंगी मिरची चालते, माडाचा गूळ तर मालवण-गोव्याकडे मिळतोच. अडतं ते ताजं गलांगल आणि मकरूटची पानं. मोठ्या शहरांत परदेशी भाज्या ठेवणाऱ्यांकडे दोन्ही मिळतात आणि दोन्ही फ्रीझरमध्ये उत्तम टिकतात. गलांगल आधी चकत्या करून ठेवायचं, कारण अख्खा गोठलेला गड्डा कापणं म्हणजे बोट गमावायची तयारी. पानं नसतील तर लिंबाची साल अगदी थोडी, फक्त हिरवा भाग, शेवटच्या मिनिटाला. वास तो नव्हे, पण रिकामी जागा भरते. गलांगलाला मात्र पर्याय नाही. नसेल तर त्या दिवशी सरळ सोलकढी करावी.

भात सुगंधी पण मोकळा हवा. इथला जास्मिन तांदूळ मऊ असतो, तरी शीत सुटं राहतं. आईने आंबेमोहोर लावला, पाणी नेहमीपेक्षा कमी ठेवून, आणि रस्सा उरला तो दुसऱ्या दिवशी उकळी न आणता नुसता कोमट करून वर परत लिंबू पिळलं. तिचं म्हणणं, दुसऱ्या दिवशीचा जास्त चांगला लागला. पांना हे सांगितलं तर त्यांनी फक्त एवढंच विचारलं की गलांगल रात्रभर आतच ठेवलं होतं की काढलं होतं. आतच होतं. ‘मग लागणारच,’ म्हणाल्या आणि मालिकेचा आवाज वाढवला.